ऑर्लँडो, अबू धाबी की सिंगापूर? लातूरहून समुद्र बघायला निघणाऱ्यांसाठी

भाच्याची नीटची परीक्षा झाली त्या संध्याकाळी अक्कानं त्याला विचारलं, "आता बोल, काय पाहिजे?" आमच्या लातुरात अकरावी-बारावीची दोन वर्षं म्हणजे पोरगं घरात असून नसल्यासारखं. सकाळी सहाला क्लास, दुपारी टेस्ट, रात्री अकरापर्यंत अभ्यासिका. दोन वर्षं गणपतीला नाही, लग्नाला नाही, गावाकडं वेळ अमावास्येलाही नाही. म्हणून परीक्षा झाली की एक मोठी सहल, असा शब्द मीच दिला होता. त्यानं मागितलं सीवर्ल्ड, म्हणजे समुद्री प्राणी आणि राइड एकाच आवारात असलेलं अमेरिकी कंपनीचं पार्क. पुढं म्हणाला, "पण मामा, घाई नको. नवीन राइड यायलीय म्हणायलेत. ती झाल्यावर जाऊ."

या "म्हणायलेत"नं आमचे पंधरा दिवस खाल्ले. कुठं नवा कोस्टर, म्हणजे रोलर कोस्टर, येणार, कुठं जुना निघणार, कुठं रुळाचे तुकडे येऊन पडलेत, हे सगळं पोराला तोंडपाठ. दुसरीकडं आमच्या घरातली माणसं बघा. आईची सत्तरी उलटली आहे, गुडघे दुखतात. भाची नऊ वर्षांची, उंची चार फूट तीन इंच. अक्का कुठल्याही पाळण्यात बसत नाही. भाचा मिळेल त्यात बसतो. अशा पाच जणांनी कुठं जायचं आणि आत्ता जायचं की थांबायचं, याचा मी बराच खल केला. हाच पेच पडलेली बरीच घरं मराठवाड्यात असणार, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट स्वतःशी ठरवून टाका. तुम्हाला राइड हवी आहे की समुद्र? दोन्हीचं उत्तर एकच असतं असं वाटतं, पण तसं नाही. अमेरिकेतल्या ऑर्लँडोच्या सीवर्ल्डमधला क्रॅकन हा कोस्टर 2000 सालचा. पायाखाली फळी नाही, पाय मोकळे लोंबकळतात, त्या जातीचा. बोलिजर अँड माबियार या स्विस कंपनीनं तो बांधला. आपल्या खोपोलीजवळच्या इमॅजिकात 2013 पासून जो नायट्रो चालतो, तो याच कंपनीचा आणि याच जातीचा. उंचीत फरक आहे, पण पोटात जो गोळा येतो तो तोच. आम्हाला तर हैदराबाद त्याहून जवळ. तिथल्या वंडरलात उलट्या दिशेनं गिरक्या मारणारा रिकॉइल आहे. लातूरहून रात्री निघालं तर सकाळी तिथं. म्हणजे नुसता थरार पाहिजे असेल, तर पासपोर्टसुद्धा लागत नाही.

समुद्र मात्र मराठवाड्यात कुठून आणायचा? आठ जिल्ह्यांत एकालाही किनारा नाही. आमच्या पोरांनी सगळ्यात मोठं पाणी बघितलेलं असतं ते पैठणचा नाथसागर, नाहीतर मांजरा धरण, तेही भरलेलं असेल तर. म्हणून माझं मत पहिल्यापासून एकच आहे: एवढा खर्च करून जायचं तर पाण्यात काय आहे आणि ते आज उघडं आहे का, हे बघून जावं. येणाऱ्या राइडच्या बातमीवर तिकीट काढू नये.

या बातम्या येतात कुठून

भाच्याशी वाद घालायचा म्हणून मी स्वतः हे सगळं समजून घेतलं. सगळ्या अफवा सारख्या वजनाच्या नसतात. सर्वांत हलकी म्हणजे कुणीतरी म्हणालं म्हणून पसरलेली. त्याच्या वर ट्रेडमार्कची नोंद. पार्क एखादं नाव नोंदवून ठेवतं, पण नाव नोंदवणं म्हणजे राइड बांधणं नव्हे. त्याच्या वर स्थानिक प्रशासनाकडं गेलेले बांधकामाचे नकाशे. अमेरिकेत हे कागद लोकांना बघायला मिळतात, आणि हौशी मंडळी त्यावरून कोस्टरची वळणंसुद्धा ओळखतात. त्याच्याही वर जमिनीत ओतलेले काँक्रीटचे पाये आणि आवारात येऊन पडलेले रूळ. रूळ आले म्हणजे राइड येणार, एवढं धरून चालायला हरकत नाही. कधी येणार, हे मात्र तरीही सांगता येत नाही.

दोन उदाहरणं देतो, ती मी घरात ठणकावून सांगितली. ऑर्लँडोचा आइस ब्रेकर 2020 मध्ये सुरू व्हायचा होता. रूळ उभे राहिले, गाड्या आल्या, आणि कोविड आला. दार उघडलं फेब्रुवारी 2022 मध्ये. अमेरिकेतल्याच सॅन डिएगोच्या सीवर्ल्डमधला एम्परर कोस्टर, तोही 2020 चा ठरलेला, मार्च 2022 मध्ये सुरू झाला. कोविड दर वर्षी येत नाही हे खरं. पण ऑर्लँडोचीच इन्फिनिटी फॉल्स ही पाण्याची राइडसुद्धा 2018 च्या उन्हाळ्यात येणार म्हणून जाहीर होती, ती ऑक्टोबरात आली, आणि तेव्हा कुठली साथ नव्हती. शाळेच्या सुट्टीत गेलेल्या कुटुंबाला कुंपण बघून परतावं लागतं, ते असं.

काही अफवा तर कागदावरच मोडतात. सॅन डिएगोत आता आभाळाला भिडणारा कोस्टर येणार, अशी चर्चा अधूनमधून उठते. त्या शहरात किनारपट्टीवरच्या बांधकामाला 1972 पासून 30 फुटांची मर्यादा आहे. सीवर्ल्डला 1998 मध्ये मतदारांनी सूट दिली, तीही 160 फुटांपर्यंतच. एम्परर 153 फूट आहे. म्हणजे तिथं दोनशे फुटांचं काही येणार असं कुणी म्हणालं, तर आधी कायदा बदलला का हे विचारायचं. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "हे मला कुणीच सांगितलं नव्हतं."

आपल्याकडचा अनुभव तरी काय वेगळा आहे? सिंधुदुर्गात निवतीजवळ पर्यटकांसाठी पाणबुडी येणार, हे 2018 पासून ऐकतोय. आता त्याच भागात आयएनएस गुलदार ही नौदलातून निवृत्त झालेली युद्धनौका समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं चाललं आहे. गुलदार जानेवारी 2024 मध्ये सेवेतून गेली, नंतर राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या ताब्यात आली. हे काम मनापासून पूर्ण व्हावं असं मला वाटतं, कारण ते झालं तर आपल्या पोरांना समुद्राखालचं जग आपल्याच राज्यात, एका रात्रीच्या प्रवासावर बघायला मिळेल. पण त्या भरवशावर या वर्षीची सहल पुढं ढकलणार नाही.

या बाबतीत एकदा पोळलोही आहे. काही वर्षांपूर्वी एका प्रवासी एजंटानं दिलेल्या पत्रकावर एका परदेशी पार्कच्या नव्या राइडचा मोठा फोटो होता. पैसे भरताना मी विचारलं, ही सुरू आहे ना? "होय होय, दिवाळीपर्यंत." आम्ही गेलो तेव्हा तिथं पत्र्याचं कुंपण आणि आतून ड्रिलचा आवाज. पुतण्या त्या कुंपणाला डोळा लावून दहा मिनिटं उभा होता. तेव्हापासून मी एकच करतो: पार्कच्या स्वतःच्या वेळापत्रकात ती राइड "आज सुरू" असं दिसल्याशिवाय ती नाहीच, असं धरतो.

ऑर्लँडो: राइडसाठी पहिला नंबर, बाकी विचार करा

भाच्याचं मन इथं. आणि राइडपुरतं बोलायचं तर त्याचं चूक नाही. 1973 मध्ये उघडलेलं हे पार्क एके काळी ऑर्का, म्हणजे काळ्या-पांढऱ्या किलर व्हेलच्या खेळांसाठी ओळखलं जाई. 2010 मध्ये इथं एका प्रशिक्षिकेचा ऑर्कामुळं मृत्यू झाला, लोकमत फिरलं, आणि मार्च 2016 मध्ये कंपनीनं ऑर्कांचं प्रजनन थांबवत असल्याचं जाहीर केलं. माझ्या मते आज राइडच्या ज्या बातम्यांचा पूर आहे, त्याचं मूळ इथं आहे. प्राण्यांच्या खेळावर गर्दी खेचायची नाही, तर मग कशावर खेचायची? कोस्टरवर. 2016 मध्येच माको आला, 200 फूट उंच, ताशी 73 मैल. मग 2022 मध्ये आइस ब्रेकर, 2023 मध्ये पाइपलाइन, 2024 मध्ये पेंग्विन ट्रेक, मे 2025 मध्ये एक्सपिडिशन ओडिसी. चार वर्षांत चार नव्या राइड, त्यातली शेवटची तेवढी कोस्टर नाही. त्यामुळं ऑर्लँडोत "पुढल्या वर्षी काहीतरी नवीन येणार" हा अंदाज बहुधा खराच ठरतो. पण त्याचाच दुसरा अर्थ असा, की थांबायला गेलात तर आयुष्यभर थांबाल. दर वर्षी पुढचं काहीतरी दिसतच राहणार.

यातल्या दोन राइड मला स्वतःला मोह घालतात. पाइपलाइनमध्ये माणूस उभा राहतो, सर्फिंगच्या फळीवर असल्यासारखा, आणि बसायची खोगीर गाडीबरोबर वरखाली होते. पेंग्विन ट्रेक त्या मानानं सौम्य, ताशी 43 मैल. ती गाडी बर्फाच्या गुहेसारख्या बंदिस्त भागातून जाते आणि उतरलं की समोर खरे पेंग्विन. राइड आणि प्राणी एकमेकांना जोडायची ही कल्पना मला आवडली.

आता आमच्या भाचीची उंची लावून बघा. चार फूट तीन इंच म्हणजे 51 इंच. माको, पाइपलाइन आणि तिथलाच मँटा हा कोस्टर, या तिन्हींना 54 इंच लागतात. आइस ब्रेकरला 48, पेंग्विन ट्रेक आणि इन्फिनिटी फॉल्सला 42. म्हणजे पोरीला अर्धं पार्क मिळतं आणि तीन सगळ्यात नावाजलेल्या राइडपाशी तिनं अक्काचा हात धरून उभं राहायचं. निघण्यापूर्वी दाराच्या चौकटीला पोराला उभं करून पेन्सिलीची खूण करा. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि तिथल्या रडारडीतून वाचवतं.

खरी अडचण मात्र व्हिसाची. मुंबई किंवा हैदराबादच्या वकिलातीत मुलाखत, अर्जाचीच फी माणशी 185 डॉलर, आणि मुलाखतीची तारीख कधी मिळेल ते त्या वेळच्या रांगेवर. मे महिन्यात ठरवून जूनमध्ये निघायचं, हे डोक्यातून काढून टाका. विमानप्रवास दोन टप्प्यांचा, वीस तासांच्या पुढं. आईच्या गुडघ्यांना तो झेपणार नाही, हे तिनं न सांगताच मला कळतं. आपली सुट्टी म्हणजे तिथला उन्हाळा, आणि फ्लोरिडात उन्हाळ्यात दुपार झाली की गडगडाट. वीज जवळ आली की उघड्यावरचे कोस्टर थांबवतात. माझा मावसभाऊ टॅम्पाला असतो. तो सांगतो की जुलैत राइड सकाळी अकराच्या आत उरकायच्या आणि दुपार मत्स्यालयात काढायची.

आणि ऑर्का अजून तिथं आहेत. प्रजनन थांबलं, म्हणजे ही शेवटची पिढी, पण आहेत. त्यांना बघायला जावं की नाही, हे प्रत्येकानं ठरवावं. मला ते बघवणार नाही. मे 2013 मध्ये आपल्या देशानं डॉल्फिनेरियमना परवानगी द्यायची नाही असं ठरवलं, तेव्हापासून भारतात डॉल्फिनला हौदात ठेवून खेळ करता येत नाहीत, आणि या निर्णयाचा मला अभिमान आहे.

अबू धाबी: ज्यानं मला पाण्याचा हिशेब शिकवला

यस बेटावरचं सीवर्ल्ड 23 मे 2023 रोजी उघडलं. अमेरिकेबाहेरचं हे पहिलं सीवर्ल्ड. मी त्याच वर्षी डिसेंबरात दुबईला मेहुण्याकडं गेलो होतो, तेव्हा एक दिवस काढून तिथं गेलो. बाकी पार्कांबद्दल मी वाचून-ऐकून बोलतो. इथलं मात्र डोळ्यांनी बघितलेलं आहे.

सगळं छताखाली आहे. 1 लाख 83 हजार चौरस मीटर, पाच मजले, सगळीकडं एसी. आठ भाग आहेत: अबू धाबीचा समुद्र आणि तिथल्या मोती काढणाऱ्यांची संस्कृती, उष्ण कटिबंधातला समुद्र, समुद्रसिंहांचा खडकाळ किनारा, उत्तर ध्रुव, दक्षिण ध्रुव असे. मधल्या मोठ्या चौकात उभं राहिलं की कुठल्याही समुद्रात शिरता येतं, आणि आईसारख्या माणसाला त्या चौकातच बाकावर बसून डोक्यावरच्या चित्रांचा खेळ बघता येतो. उष्ण कटिबंधाच्या भागात फ्लेमिंगो आहेत. जायकवाडीवर हिवाळ्यात लांबून, दुर्बिणीतून ठिपक्यांएवढे दिसणारे ते पक्षी इथं हाताच्या अंतरावर होते. त्यांची चोच किती वाकडी असते, ते मला तिथं पहिल्यांदा कळलं.

पण खरी गोष्ट "एंडलेस ओशन"ची. त्या एका हौदात 2 कोटी 50 लाख लिटर पाणी आहे आणि 68 हजारांहून जास्त जलचर. आकडा वाचताना काही वाटलं नव्हतं. काचेसमोर उभा राहिलो आणि मला 2016 चा एप्रिल आठवला. लातूर शहरात नळाला पाणी नव्हतं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिली गाडी दहा वॅगनची, 5 लाख लिटरची. नंतर पन्नास वॅगनची गाडी यायला लागली, एका खेपेला 25 लाख लिटर. ती गाडी स्टेशनात आल्याचं कळलं की गल्लीत बायका घागरी धुऊन ठेवायच्या. मी तिथं उभ्या उभ्या हिशेब केला: हा एक हौद भरायला आमच्या तसल्या दहा गाड्या लागतील. माझ्यासमोरून एक भलामोठा रे मासा पोटाची पांढरी बाजू दाखवत वर गेला, खाली पाणबुड्या गुडघे टेकून काच पुसत होता, आणि मला काही केल्या तिथून हलवेना. इतकं पाणी एका जागी, स्वच्छ, हलतं, जिवंत. लातूरच्या माणसाला यापेक्षा मोठं आकर्षण दुसरं कुठलं दाखवणार?

राइड मात्र मोजक्याच. मँटा नावाचा एक मोठा कोस्टर, इंटामिन कंपनीचा, बाकी लहान मुलांचे झोपाळे-पाळणे आणि गोल पडद्याचं एक नाट्यगृह. इथं दुसरा मोठा कोस्टर येणार का, हा भाच्याचा प्रश्न. माझा अंदाज असा: इमारत बंदिस्त आहे, आत नवा मोठा कोस्टर घुसवणं सोपं नाही, बाहेर काढला तर उन्हाचा प्रश्न. शिवाय त्याच बेटावर डिस्नेनं मे 2025 मध्ये आपलं पार्क जाहीर केलं आहे. पुढची काही वर्षं बेटावरचा पैसा आणि लोकांचं लक्ष तिकडं राहील. म्हणून इथल्या दुसऱ्या कोस्टरसाठी थांबण्यात मला अर्थ दिसत नाही. थरार पाहिजेच असेल तर पलीकडं फेरारी वर्ल्ड आहे, यस वॉटरवर्ल्ड आहे, वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड आहे, आणि बेटावर फिरायला फुकट बस. भाच्याला एक दिवस तिकडं सोडता येतो.

ऑर्का इथं पहिल्या दिवसापासून नाहीत. डॉल्फिन आहेत, आणि ते मला खटकलं, हे लपवत नाही. जखमी समुद्री जिवांसाठी पार्कला लागूनच संशोधन आणि बचाव केंद्र आहे, ती बाजूही सांगायला हवी.

हैदराबादहून सरळ विमान, चार तासांच्या आसपास. व्हिसा एजंटाकडून काही दिवसांत होतो. मे-जूनमध्ये तिथं बाहेर पाऊल टाकवत नाही, आमच्या लातूरच्या उन्हात वाढलेल्यालाही नाही. पण पार्क आत असल्यामुळं त्याचा त्रास होत नाही, आणि तो त्यांचा मंदीचा काळ असल्यानं हॉटेलं हिवाळ्याच्या मानानं स्वस्त पडतात. आपली उन्हाळी सुट्टी आणि त्यांचा स्वस्ताईचा हंगाम एकाच वेळी येतो, हा मोठा फायदा आहे.

सिंगापूर: राइड शेजारच्या दारात

मी 2019 मध्ये गेलो होतो तेव्हा सेंटोसा बेटावरचं हे मत्स्यालय जुन्या नावानं, जुन्या आकारात होतं. तेव्हाच त्याच्या विस्ताराची घोषणा झालेली होती. आता ते सिंगापूर ओशनेरियम झालं आहे, पूर्वीच्या तिपटीनं मोठं, 22 दालनांचं. उघडलं जुलै 2025 मध्ये. घोषणा ते उद्घाटन, सहा वर्षं. थांबू म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

खुल्या समुद्राच्या हौदाची काच 36 मीटर रुंद आणि 8.3 मीटर उंच आहे. समोर गालिच्यावर लोक नुसते मांडी घालून बसतात. तसा मीही बसलो होतो, आणि बरोबरच्या सहकाऱ्यांनी तीनदा हाका मारल्यावर उठलो. पाणी 1 कोटी 80 लाख लिटर, म्हणजे आमच्या सात गाड्यांच्या पुढं.

इथं आत कोस्टर नाही, आणि मला ते बरंच वाटतं. जिवांकडं बघायला आलेला माणूस जिवांकडंच बघतो. राइडसाठी चालत जाण्याच्या अंतरावर युनिव्हर्सल स्टुडिओज आहे, आणि सध्याच्या सगळ्या अफवा तिथल्याच. सुपर निन्टेन्डो वर्ल्ड, म्हणजे निन्टेन्डोच्या व्हिडिओ गेमवरचा भाग, त्याचं बांधकाम चालू आहे, ती जाहीर गोष्ट आहे. ते कधी उघडेल यावरून पोरांच्या पैजा लागतात. तुमच्या घरात तो खेळ खेळणारं पोर असेल, तर सिंगापूरच्या बाबतीत मी थांबायला सांगेन. फक्त या एकाच बाबतीत.

हैदराबादहून सरळ विमान साडेचार-पाच तासांचं. पाऊस कधीही येतो, पण ओशनेरियम बंदिस्त आहे. आईला घेऊन फिरायला हे शहर तिन्हींत सोपं: लिफ्ट, सरकते जिने, स्वच्छ स्वच्छतागृहं, आणि लिटिल इंडियात गरम भात-वरण. राहण्याचा खर्च मात्र अबू धाबीच्या उन्हाळी दरापेक्षा जास्त.

हाँगकाँगचं ओशन पार्क 1977 पासूनचं आहे, चीनमधलं झुहाईचं छिमेलाँग ओशन किंगडम 2014 पासूनचं आणि आकारानं अवाढव्य. पहिल्याच परदेश प्रवासाला भाषा आणि शाकाहार यांची इतकी ओढाताण नको, म्हणून मी ती दोन्ही बाजूला ठेवली.

पासपोर्ट नसेल तर

अहमदाबादच्या सायन्स सिटीतलं मत्स्यालय जुलै 2021 मध्ये सुरू झालं. 68 हौद आणि 28 मीटर लांबीचा बोगदा, डोक्यावरून शार्क जातात. मागल्या वर्षी आईला तिथं घेऊन गेलो. पहिला शार्क वरून सरकला तेव्हा तिनं पदर डोक्यावर ओढला आणि माझा दंड घट्ट धरला. दुसऱ्या वेळी मात्र मान वर करून बघत राहिली. "ह्येच्या पोटात किती पांढरं हाय रे," एवढंच म्हणाली. घरी आल्यावर महिनाभर गल्लीतल्या प्रत्येक बाईला तिनं तो शार्क सांगितला. एका माणसाच्या विमानाच्या तिकिटात सगळ्या घराचं अहमदाबाद होतं.

पेंग्विनच बघायचे असतील तर मुंबईच्या राणीच्या बागेत 2017 पासून आहेत, हम्बोल्ट जातीचे, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. आणि खरा समुद्र पाहिजे असेल तर तारकर्ली. सकाळी होडीतून गेलं आणि नशीब असलं तर मोकळे डॉल्फिन दिसतात. नाही दिसले तर नाही. पोहता न येणाऱ्यालाही तिथं प्रशिक्षकाचा हात धरून पाण्याखाली उतरता येतं. पंधरा-सोळाच्या पुढची पोरं असतील तर हा अनुभव कुठल्याही कोस्टरच्या वरचा आहे, असं माझं ठाम मत आहे.

मग कुणी कुठं जावं

घरात दोन-तीन तरुण पोरं, सगळी पाच फुटांच्या वर, अमेरिकेत सख्खं कुणीतरी, व्हिसा आधीच पासपोर्टवर, अशी स्थिती असेल तर ऑर्लँडो. पण नवीन राइडच्या तारखेवर नव्हे, तुमच्या सोयीच्या तारखेवर. आजी-आजोबा आणि लहान मूल बरोबर असेल, सुट्टी एप्रिल-मे-जूनचीच असेल, तर अबू धाबी. दिवाळीत निघत असाल, खर्चाची फार चिंता नसेल आणि घरात कोस्टरचं वेड नसेल, तर सिंगापूर. आणि कर्ज काढून यातलं कुठलंच करू नका. अहमदाबादचा बोगदा कर्जाशिवाय बघता येतो आणि पोराच्या डोळ्यांत तेच आश्चर्य असतं.

आमचं अबू धाबी ठरलं. भाच्याला पटवायला दोन संध्याकाळी लागल्या. शेवटी राइडच्या मुद्द्यावर नाही, कॅलेंडरच्या मुद्द्यावर पटलं. एकदा मेडिकलला प्रवेश झाला की पहिल्या वर्षी सुट्टी कुठली? आणि तो नवीन कोस्टर, येईल तेव्हा येईल, डॉक्टर झाल्यावर स्वतःच्या पैशानं जाऊन बसेल. "तवर आजी नसंल," असं आईच मधे बोलली, सहज, भाजी निवडत. त्यानंतर त्यानं थांबायचा विषय काढला नाही. फेरारी वर्ल्डला एक दिवस त्याचा, सीवर्ल्डला एक दिवस सगळ्यांचा, अशी वाटणी झाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात निघायचं आहे, शाळा उघडायच्या आत. काल सगळे पासपोर्ट काढून बघितले तेव्हा कळलं, भाचीचा ऑक्टोबरात संपतोय. लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो, आणि प्रवासाच्या दिवशी किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. अक्का उद्या सकाळी तिला घेऊन पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात जाणार आहे. तुम्हीही तिकिटाच्या आधी ते एक पान उघडून बघा.